एका शेताचे वर्षभराचे स्फुरद

खताचा प्रश्न म्हणजे पोते मिळण्याचा प्रश्न, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की विचार तिच्यापलीकडे जातच नाही. जून उजाडला की पालघर, बोईसर, मनोर, विक्रमगडच्या कृषी सेवा केंद्रांवर डीएपीची चौकशी सुरू होते. आले नाही तर टंचाईची ओरड होते, आले तर हायसे वाटते, आणि लावणी आटोपली की विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो. या समजुतीसमोर दुसरी एक समजूत उभी असते. रासायनिक खत म्हणजे मातीला विष. शेण, गोमूत्र आणि जिवाणू दिले की स्फुरद मातीतून आपोआप मिळेल, असे ती सांगते. दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात, पण चूक दोघांची एकच आहे. दोघेही एका हंगामापुरते पाहतात.

माझे म्हणणे असे आहे की स्फुरद पिकाला घालतो असे मानणेच चुकीचे आहे. ते आपण शेताला घालतो. म्हणून त्याचा हिशेब भाताचा वेगळा आणि वालाचा वेगळा असा न मांडता वर्षाचा, खरे तर पाच-दहा वर्षांचा मांडला पाहिजे. पालघरच्या खाचरात तसा तो मांडला, तर जिथे दुबार पीक होते तिथे आजची पद्धत उलटी ठरते. ज्या भाताला आपण स्फुरद देतो त्याची निकड कमी, आणि ज्या रब्बीच्या पिकाला काहीच देत नाही त्याची निकड जास्त असते.

१. घातलेले स्फुरद जाते कुठे

युरियातले नत्र चंचल असते. ते पाण्याबरोबर वाहते, हवेत उडते, खाली झिरपते. एका हंगामात वापरले गेले नाही तर बहुतेक गेलेच. स्फुरदाचे तसे नाही. ते मातीत पडताच लोह, ॲल्युमिनियम किंवा चुन्याशी जखडले जाते आणि जिथे पडले तिथून काही मिलिमीटरच सरकते. पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्के येते. हा आकडा ऐकून काहीजण म्हणतात, 'म्हणजे ऐंशी टक्के वाया गेले, मात्रा वाढवा.' काहीजण म्हणतात, 'म्हणजे खत घालणेच व्यर्थ.' दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, कारण उरलेले वाया जात नाही. ते मातीत ठेव म्हणून राहते आणि पुढच्या पिकांना थोडे थोडे मिळत राहते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा दीर्घ मुदतीच्या प्रयोगांतून आला आहे. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड केंद्रावर १८४३ पासून गव्हाचा प्रयोग अखंड चालू आहे. तिथल्याच दुसऱ्या एका शेतात १८५६ ते १९०१ या काळात काही वाफ्यांना स्फुरद दिले गेले आणि नंतर ते थांबवले. थांबवल्यावर कित्येक दशकांनीही त्या वाफ्यांतले पीक शेजारच्या वाफ्यांपेक्षा सरस येत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. जमिनीतली पातळी पुरेशी असेल आणि पीक जेवढे नेते तेवढेच भरले, तर अनेक वर्षांच्या हिशेबात स्फुरदाची उपयुक्तता ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पंधरा टक्के हा आकडा स्फुरदाच्या उधळपट्टीचा मानायचे कारण नाही. आपण फक्त एकाच हंगामाकडे पाहतो, म्हणून तो इतका लहान दिसतो.

आता हिशेब पालघरचा. कोकणात लावणीच्या भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद एकरी सुमारे २० किलो झाले. डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यात ते २३ किलो असते, म्हणजे एकराला एक पोतेही पुरते लागत नाही. एक टन भाताच्या दाण्यातून सुमारे ५ ते ६ किलो स्फुरद शेताबाहेर जाते. एकरी १६ क्विंटल उतारा धरला तर दाणे ८ ते १० किलो नेतील, पेंढा विकला तर आणखी दोन-तीन किलो. शिफारशीप्रमाणे स्फुरद देणाऱ्याच्या शेतात दरवर्षी काही किलो शिल्लक पडतात. वीस वर्षे डीएपी किंवा सुफला घालणाऱ्याच्या खाचरात ही शिल्लक किती झाली असेल, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि त्याच गावात वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी-वरी घेणाऱ्याने कधीच काही घातलेले नसते. त्याची ठेव आजोबांपासून आटत आलेली असते. दोघांना एकच शिफारस देणे हा दोघांवर अन्याय आहे.

२. पाण्याखालचे शेत आणि कोरडे शेत

खाचरातली माती वर्षातून दोन वेगळी आयुष्ये जगते. चिखलणी होऊन पाणी साचले की एक-दोन दिवसांतच मातीतला प्राणवायू संपतो. तांबड्या रूपातले लोह विद्राव्य रूपात येते आणि त्याने जखडून धरलेले स्फुरद सुटते. आम्ल जमिनीचा सामूही पाण्याखाली उदासीनतेकडे सरकतो आणि तीही मदतच होते. शिवाय पाणी भरपूर असल्याने स्फुरद मुळांपर्यंत सहज पोचते. म्हणून त्याच मातीत, त्याच पातळीवर, भाताला स्फुरदाची उणीव इतर पिकांच्या मानाने कमी भासते.

दिवाळीच्या आसपास भात कापला जातो, खाचर सुकते आणि चक्र उलटे फिरते. हवा आत शिरते, लोह पुन्हा तांबड्या रूपात जाते. ताज्या बनलेल्या या लोहकणांचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि ते स्फुरद पूर्वीपेक्षा घट्ट पकडतात. नेमक्या याच वेळी आपण वाल, हरभरा, मूग किंवा भाजीपाला लावतो. वरचा थर वाळत जातो, आणि कोरड्या मातीत स्फुरद मुळांकडे सरकत नाही. वालासारख्या द्विदल पिकाला मुळांवरच्या गाठी भरायला स्फुरदच लागते. म्हणजे ज्या महिन्यात पिकाला सर्वांत जास्त हवे, त्याच महिन्यात माती सर्वांत कंजूष असते. आणि या पिकाला खत घालण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. 'ओल आहे, येईल ते येईल' अशा भरवशावर वाल टाकला जातो. तो चांगला आला नाही तर दोष थंडीला किंवा बियाण्याला लागतो.

हे वर्णन जिल्हाभर सारखे लागू होत नाही. पूर्वेला जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर जमीन उथळ, तांबूस आणि आम्लधर्मी आहे. तिथे लोहाचा हा खेळ तीव्र असतो. पश्चिमेला पालघर-बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात भारी खाचराची जमीन आहे, आणि खाडीलगत खार जमीन. खार जमिनीत आधी मिठाचा बंदोबस्त करावा लागतो, स्फुरदाचा विचार त्यानंतरचा.

३. गव्हाकडून शिकायचे ते एवढेच

पालघरमध्ये गहू नावापुरता आहे. तरीही स्फुरदाचा हा नियम शेतकऱ्यांनी सर्वांत मोठ्या प्रमाणावर जिथे वापरला, ती भात-गव्हाची शेती आहे, म्हणून तिच्याकडे पाहणे भाग आहे. पंजाब कृषी विद्यापीठ अनेक वर्षे सांगत आले आहे की गव्हाला शिफारशीप्रमाणे स्फुरद दिले असेल तर त्यानंतरच्या भाताला ते देण्याची गरज नाही; गव्हाच्या शिलकेवर भात निभावतो. उलटे केले तर निभावत नाही. भाताला दिलेले स्फुरद सुकलेल्या शेतात गव्हाला पुरेसे मिळत नाही. महाराष्ट्रात बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० आहे आणि त्यातले सगळे स्फुरद पेरणीच्या वेळीच द्यायला सांगितले जाते.

हा नियम गव्हाच्या वाणाचा किंवा पंजाबच्या हवेचा नाही. तो पाण्याखाली जाऊन पुन्हा सुकणाऱ्या मातीचा आहे, आणि तशी माती पालघरमध्ये आहे. सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणाखालच्या ज्या गावांना कालव्याचे पाणी मिळते, तिथे भातानंतर दुसरे पीक सहज होते. त्या प्रत्येक शेतात स्फुरदाचा मोठा वाटा भाताकडून काढून रब्बीच्या पेरणीकडे वळवला पाहिजे. याच कारणासाठी सूर्येचे पाणी शेतीला की शहरांना, हा वाद केवळ पाण्याचा नाही. ते पाणी शहरांकडे वळले आणि रब्बी बुडाली, तर खाचरात साठलेले स्फुरद वापरणारे पीकच उरत नाही.

४. अहवालातला आकडा वाचायचा कसा

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. कल्पना उत्तम आहे, आणि कार्ड कपाटात पडून राहते याचा सगळा दोष शेतकऱ्याचा नाही. त्यावरचा आकडा समजावून सांगणारा कोणी नसतो.

पहिला घोटाळा एककाचा आहे. अहवालात बहुधा उपलब्ध स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात, हेक्टरी किलोत लिहिलेले असते, तर पोत्यावर ते ऑक्साइडच्या रूपात छापलेले असते. मूलद्रव्याच्या १ किलोचे पोत्यावरचे मोल सुमारे २.३ किलो होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणारे सल्लागार मी पाहिले आहेत. अशी वजाबाकी चालत नाही. अहवालातला आकडा मातीतल्या एकूण स्फुरदाचा नसतो. एका ठरावीक द्रावणात किती सुटले, एवढेच तो सांगतो. त्याचा उपयोग वर्ग ठरवण्यापुरता आहे. ऑल्सेन पद्धतीने हेक्टरी १० किलोंपेक्षा कमी असेल तर कमी, १० ते २५ मध्यम, त्याहून जास्त म्हणजे भरपूर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नमुना उन्हाळ्यात, सुकलेल्या शेतातून घेतला जातो. म्हणजे तो रब्बीच्या मातीचे चित्र दाखवतो; पाणी भरल्यावर त्याच मातीतून किती सुटेल हे त्यात दिसत नाही. अहवालात 'कमी' आले म्हणून भाताची मात्रा दुप्पट करणे त्यामुळे चुकीचे आहे. तोच 'कमी' वाल-हरभऱ्यासाठी मात्र शब्दशः खरा मानायला हवा. आणि 'भरपूर' आले असेल तर दोन-तीन वर्षे स्फुरद थांबवण्याचे धाडस करायला हवे. अति स्फुरदाने जस्ताची उणीव वाढते, मग जस्ताची पिशवी वेगळी घ्यावी लागते. एका पिशवीने निर्माण केलेली अडचण दुसऱ्या पिशवीने सोडवायची, यात शेतकऱ्याचा खिसा रिकामा होतो.

५. किती याच्याआधी कुठे

स्फुरद सरकत नाही, हे एकदा मान्य केले की ते फेकून देणे किती चुकीचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मुळाच्या वाटेत ठेवलेले दहा किलो पृष्ठभागावर फेकलेल्या वीस किलोंची बरोबरी करू शकतात.

कोकणाने याचे उत्तर स्वतः शोधले आहे आणि त्याचा आपल्याला विसर पडतो आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लागवड हे ते उत्तर. रोपवाटिकेत तुसाची राख, शेतात गिरिपुष्पाचा पाला, १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी, ही ती चार सूत्रे. गोळी २.७ ग्रॅमची. हेक्टरात असे ६२,५०० चौकोन बसतात, म्हणजे सुमारे १७० किलो गोळ्या. युरिया आणि डीएपीचे प्रमाण ६०:४० धरले तर त्यातून नत्र ५९ किलो आणि स्फुरद ३१ किलो जाते. शिफारशीच्या १०० आणि ५० शी हे ताडून पाहावे. खत कमी, आणि तेही मुळाशी. चिखलाच्या पाण्याबरोबर वाहून जायला पृष्ठभागावर काही उरतच नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या, खाचरातून खाचरात पाणी उतरणाऱ्या जिल्ह्यात एवढा फायदाच पुरेसा आहे.

रब्बीसाठी तत्त्व तेच, साधन आणखी सोपे. टोकणीच्या वेळी बियाण्यापासून चार-पाच सेंटिमीटर बाजूला आणि खाली सिंगल सुपर फॉस्फेटची चिमूट. द्विदलाला मी डीएपीपेक्षा सुपर फॉस्फेट सुचवेन. त्यात स्फुरद १६ टक्केच असले तरी गंधक आणि कॅल्शियम सोबत येतात. डीएपी बियाण्याला लागले तर त्यातला अमोनिया कोंब जाळू शकतो, आणि वालाला त्यातल्या नत्राची फारशी गरजही नसते.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप मजुरीचा. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात घरातला तरुण औद्योगिक वसाहतीत पाळी करतो. लावणीला माणूस मिळत नाही, तिथे गोळ्या खोचायला कोण येणार? हा आक्षेप खरा आहे, आणि गोळी सर्वत्र पोचली नाही याचे मुख्य कारणही हेच असावे. पण गोळी एकदाच द्यावी लागते. नंतरच्या युरियाच्या दोन फेऱ्या वाचतात, आणि ओळीत लावणी झाली की कोळपणीही सोपी होते. तरीही ज्याला जमत नाही त्याने किमान एवढे करावे: स्फुरद लावणीनंतर उभ्या पाण्यात फेकू नये, शेवटच्या चिखलणीत मातीत मिसळावे, आणि त्यानंतर काही दिवस बांध फुटू देऊ नये.

दुसरा आक्षेप सेंद्रिय पक्षाचा, आणि त्याला मी गांभीर्याने उत्तर देऊ इच्छितो, कारण त्यांची मातीबद्दलची कळकळ खरी आहे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू जखडलेले स्फुरद काही प्रमाणात सोडवतात, हे मान्य. पण ते स्फुरद निर्माण करत नाहीत, ठेवीतून काढून देतात. ज्याची ठेव भरलेली आहे त्याने ते जरूर वापरावेत. मोखाड्याच्या वरकसावर ठेवच नाही, तिथे जिवाणू काढतील काय? गिरिपुष्पाचा पाला नत्र आणतो. स्फुरद मात्र त्याच गावच्या मातीतून उचलून पुन्हा तिथेच टाकतो. एकराला दिलेल्या जीवामृतात दहा किलो शेण असते, त्यातले स्फुरद पंचवीस-तीस ग्रॅमच्या घरात. एकरभर भात आठ-दहा किलो घेऊन जातो. ही तफावत श्रद्धेने भरून येत नाही. शेणखताने येऊ शकते, पण दहा टन शेणखतात ते सुमारे २० किलो असते आणि तेवढे शेणखत आज किती घरांत आहे? किनाऱ्याच्या गावांत मासळीचे खत माडांना आणि वाड्यांना घालत आले आहेत. माशाचा काटा हा स्फुरदाचा उत्तम साठा आहे. बाहेरून स्फुरद आणणारे खरे सेंद्रिय खत ते. सातपाटी-मुरब्याच्या बंदरांवरची टाकाऊ मासळी शेताकडे आणायची व्यवस्था व्हावी, यासाठी सेंद्रिय चळवळीने जोर लावला तर मी तिच्या बाजूने उभा राहीन.

राबाचाही इथे उल्लेख करायला हवा. पालापाचोळा आणि शेण जाळून रोपांची (आवणाची) जागा तयार करण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकात सरकारी वनखाते आणि ठाण्याचे शेतकरी यांच्यात झगड्याचे कारण ठरली होती; भारतीय शेतीची पाहणी करणाऱ्या डॉ. व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालात तिची सविस्तर चर्चा आहे. राबाच्या राखेतून रोपाला स्फुरद आणि पालाश मिळते, हे खरे. पण ते रानातून खाचरात आणलेले असते. खाचर सुपीक होते ते उताराच्या बदल्यात, आणि जाळताना नत्र हवेत जाते. तुसाची राख वापरायला सांगणाऱ्या चारसूत्रीने राबातला उपयोगाचा भाग ठेवला आणि झाडतोड टाळली.

तिसरा आक्षेप: एवढा हिशेब कशाला, डीएपी स्वस्त तर आहे. १,३५० रुपयांच्या पोत्यातले ९ किलो नत्र युरियाच्या भावाने वजा केले तर स्फुरद किलोला सुमारे ५४ रुपये पडते; युरियातले नत्र किलोला १३ रुपये. आणि हा भाव अनुदानानंतरचा आहे. २०१० पासून स्फुरद-पालाशाचे अनुदान अन्नद्रव्याच्या वजनावर मिळते, युरिया त्याबाहेर ठेवला गेला, म्हणून ही दरी पडली. आपल्याकडे खडकफॉस्फेट उदयपूरजवळच्या झामरकोटरासारख्या मोजक्या ठिकाणीच आहे. जगातला बहुतेक ज्ञात साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे. समुद्रापलीकडच्या खाणीतून येणारी वस्तू पालघरच्या खाडीत वाहून जाऊ देणे, हे कोणत्याही भावाला परवडणारे नाही.

७. शेताबाहेर पडणारे स्फुरद

सर्वांत मोठी गळती मात्र खताच्या चर्चेत येतच नाही. खाचरातले स्फुरद वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असते, आणि नेमका तोच थर वीटभट्टीला विकला जातो. दोन-तीन पिढ्यांनी साठवलेली ठेव एका उन्हाळ्यात ट्रकमध्ये भरून जाते आणि विटेत भाजली जाते. माती विकणाऱ्याची गरज मी समजू शकतो. पण सौदा करताना त्याला मातीचा भाव मिळतो, तिच्यातल्या स्फुरदाचा मिळत नाही, आणि पुढची वीस वर्षे ते त्याला पोत्यातून विकत घ्यावे लागते.

दुसरी गळती गावांच्या वाढीबरोबर येते. बोईसरमध्ये राहणारी हजारो कुटुंबे गहू खातात, तो मध्य प्रदेश-पंजाबहून येतो. एक टन गव्हाबरोबर सुमारे ८ किलो स्फुरद या तालुक्यात उतरते. ते माणसांच्या पोटातून गटारात, तिथून नाल्यात आणि खाडीत जाते. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अर्धा किलोच्या आसपास शुद्ध स्फुरद बाहेर पडते. कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी आणि वस्त्यांचे मैलापाणी वेगळे ठेवले, तर मैलापाण्याचा शुद्ध केलेला गाळ शेतीला देता येईल. एकत्र झाले तर तो गाळ शेतात घालणे धोक्याचे ठरते. औद्योगिक वसाहतीला खेटून वाढणाऱ्या बोईसरसाठी ही निवड आजच करण्याची आहे, कारण वाहिन्या एकदा एकत्र झाल्या की त्या पुन्हा वेगळ्या करणे फार महाग पडते.

८. मागणी

पालघरचे कृषी संशोधन केंद्र, कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि जिल्ह्याचा कृषी विभाग यांच्याकडे माझी मागणी एक आहे. पिकाची शिफारस देणे थांबवा, शेताची वर्षाची शिफारस द्या. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक खाचरासाठी एकच कागद असावा: माती काय म्हणते, भातानंतर पीक आहे की नाही, असेल तर स्फुरद रब्बीला किती आणि भाताला किती, नसेल तर भाताला गोळीतून किती, आणि पातळी भरपूर असेल तर कोणत्या वर्षापर्यंत काहीच घालायचे नाही. हा कागद मे महिन्यात, पोते विकत घेण्याच्या आधी, शेतकऱ्याच्या हातात पडला पाहिजे.

आणि ज्यांच्या खाचरात यंदा भातानंतर वाल किंवा हरभरा होणार आहे त्यांना विनंती: भाताच्या स्फुरदातले निम्मे मागे ठेवा, आणि कापणीनंतर ते एका वाफ्यात वालाच्या बियाण्याशेजारी टोकून बघा. शेजारचा वाफा नेहमीसारखा ठेवा. दोन्ही वाफ्यांतल्या शेंगा वेगवेगळ्या मोजा.